मेरुद्रवातील प्रथिनांची तपासणी : ‘किती?’पासून ‘कुठून?’पर्यंत

प्रास्ताविक

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात हातापायांची ताकद एकाएकी जाऊ लागलेले रुग्ण आढळले आणि ‘जीबीएस’ हे नाव मराठी वर्तमानपत्रांत रोज येऊ लागले. काही आठवड्यांत संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली. अशा रुग्णाच्या निदानासाठी ज्या तपासण्या करतात त्यांपैकी एकीला घरची माणसे ‘पाठीतलं पाणी काढणं’ म्हणतात. या शब्दांचीच अनेकांना धास्ती वाटते. मणक्यातून पाणी काढले की माणूस कायमचा लुळा पडतो, अशी समजूत आजही ऐकू येते.

हे ‘पाणी’ म्हणजे मस्तिष्क-मेरुद्रव. या पाठात आपण त्याला थोडक्यात मेरुद्रव म्हणू. मेंदू आणि मेरुरज्जू यांच्याभोवती तो खेळत असतो. प्रौढ माणसाच्या शरीरात तो एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होतो. निरोगी मेरुद्रव दिसायला स्वच्छ पाण्यासारखा असतो. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण १५ ते ४५ मिलिग्रॅम प्रथिन असते. रक्तद्रवात तेवढ्याच आकारमानात ६ ते ८ ग्रॅम प्रथिन असते. म्हणजे मेरुद्रवातील प्रथिन रक्तद्रवातील प्रथिनाच्या सुमारे दोनशेव्या भागाइतके भरते.

या अत्यल्प प्रथिनावरून मज्जासंस्थेचा रोग ओळखण्याचा प्रयत्न सव्वाशेहून अधिक वर्षे चालू आहे. या काळात वैद्यांनी आणि रसायनशास्त्रज्ञांनी त्या द्रवाला एकामागून एक तीन प्रश्न विचारले: प्रथिन किती आहे? कोणते आहे? आणि ते आले कुठून? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे, पण त्यावर विसंबून चुकाही झाल्या. तिसरा प्रश्न विचारता येऊ लागला तेव्हा आधीच्या दोन उत्तरांचा अर्थ नीट कळला. हा प्रवास कसा झाला ते आपण पाहू.

१. द्रवाची ओळख

मेरुद्रव इतका उशिरा का ओळखला गेला, याचे एक कारण शवविच्छेदनाच्या पद्धतीत होते. त्या काळी विच्छेदनाच्या आरंभीच शवाचे शिर धडावेगळे करीत. त्यामुळे द्रव वाहून जाई आणि उरलेली पोकळी हवेने भरलेली असते असा समज होई. इटलीतील नेपल्सचे वैद्य डोमेनिको कोटुन्यो यांनी शिर तसेच ठेवून कमरेचा कणा आधी उघडला. मेंदू व मेरुरज्जू यांच्याभोवती द्रव असतो हे त्यांनी १७६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नोंदवले. गंमत अशी की तो ग्रंथ मेंदूवर नव्हता. त्याचा विषय सायटिका म्हणजे पायात उतरणारी कमरेची कळ हा होता.

कोटुन्यो यांच्या निरीक्षणाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. फ्रान्सचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्राँस्वा माजाँदी यांनी १८२५ पासून या द्रवाचा पद्धतशीर अभ्यास केला. १८४२ मध्ये त्यांनी त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि ‘सेरेब्रोस्पायनल’ हे विशेषण रूढ झाले. मात्र जिवंत माणसाच्या शरीरातून हा द्रव सुरक्षितपणे काढण्याचा मार्ग अजून सापडलेला नव्हता.

२. सुईचा मार्ग

१८९१ या एकाच वर्षी दोन वैद्यांचे काम पुढे आले. लंडनचे वॉल्टर एसेक्स विंटर यांनी क्षयजन्य मस्तिष्कावरणदाहाच्या चार रुग्णांच्या पाठीत छेद घेऊन द्रव बाहेर काढला. मेंदूवरचा दाब कमी व्हावा एवढाच त्यांचा हेतू होता. चारही रुग्ण वाचले नाहीत. त्याच वर्षी जर्मनीतील कील येथील हाइनरिख क्विंके यांनी वीसबाडेनच्या वैद्यक परिषदेत आपली पद्धत मांडली. त्यांनी त्वचा न कापता, आत बारीक सळई असलेली पोकळ सुई कमरेच्या मणक्यांच्या फटीतून आत घातली. हीच आजची ‘लंबर पंक्चर’ पद्धत. मराठीत तिला कटिवेध असेही म्हणतात.

येथे क्विंके यांच्या निवडीकडे लक्ष द्या. प्रौढ माणसाचा मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली फक्त मज्जामुळे द्रवात लोंबत असतात. सुई त्याहून खाली, साधारण तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या मधून घातली की ती मेरुरज्जूला लागण्याचा संभव राहत नाही. ‘पाणी काढलं की लुळेपण येतं’ या भीतीचे उत्तर शरीररचनेच्या या साध्या गोष्टीत आहे. नंतर काही दिवस डोके दुखणे हा त्रास मात्र खरा आहे. तसेच मेंदूत गाठ वगैरे असून कवटीतला दाब खूप वाढलेला असेल, तर ही तपासणी धोक्याची ठरते. म्हणून ती करण्याआधी तशी शंका दूर करावी लागते.

क्विंके यांनाही आरंभी दाब कमी करण्याचीच आशा होती. पण त्यांनी एक गोष्ट अधिक केली. हाती आलेल्या द्रवाचा दाब मोजला, त्यातले प्रथिन आणि साखर तपासली, त्यात जंतू शोधले. उपचार म्हणून सुरू झालेली क्रिया अशा रीतीने निदानाचे साधन बनली.

३. पहिला प्रश्न : किती?

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात युरोपातील मनोरुग्णालयांपुढे उपदंशाचा मोठा प्रश्न होता. उपदंशाची लागण झाल्यावर अनेक वर्षांनी काही रुग्णांच्या बुद्धीला भ्रंश होई, जीभ अडखळे, हातपाय लटपटत आणि काही वर्षांत मृत्यू येई. या अवस्थेला ‘जनरल पॅरालिसिस’ म्हणत. रुग्ण वेडाच्या इतर प्रकारांतला आहे की उपदंशाचा, हे जिवंतपणी ठरवणे कठीण होते.

फ्रान्समध्ये विदाल, सिकार आणि रावो यांनी १९०० च्या सुमारास मेरुद्रवातील पेशी मोजण्याची पद्धत रूढ केली. जर्मनीतील हॅम्बुर्गचे माक्स नोने आणि त्यांचे सहकारी आपेल्ट यांनी प्रथिनासाठी सोपी कसोटी आणली. मेरुद्रवात तेवढेच संपृक्त अमोनियम सल्फेट मिसळायचे. या प्रमाणात ग्लोब्युलिन गटातली प्रथिने विरघळलेली राहत नाहीत आणि द्रव गढूळ होतो. १९१० मध्ये हंगेरीचे काल्मान पांडी यांनी त्याहून सोपा मार्ग दाखवला. काचेच्या छोट्या बशीत कार्बोलिक आम्लाचे द्रावण घ्यायचे आणि त्यात मेरुद्रवाचा एक थेंब सोडायचा. ग्लोब्युलिन वाढलेले असेल तर दुधट ढग उमटतो. या कसोटीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, द्रवही फक्त एक थेंब लागतो. म्हणून पांडीची कसोटी पुढे कित्येक दशके लहान रुग्णालयांतूनही चालू राहिली.

१९१२ मध्ये फ्रान्सचे विल्यम मेस्त्रेझा यांनी निरोगी व रोगी मेरुद्रवाच्या रासायनिक घटकांचा विस्तृत ग्रंथ लिहिला. ‘वाढले’ म्हणायचे तर मुळात नेहमीचे किती, हे ठरले पाहिजे. ती पायाभरणी अशा कामांतून झाली.

याच काळात एक महत्त्वाची चिन्हजोडी लक्षात आली. जंतूंमुळे दाह झाला की मेरुद्रवात पेशी आणि प्रथिन दोन्ही वाढतात. पण सिकार आणि फ्वा यांनी १९१२ मध्ये दाखवले की मेरुरज्जूवर बाहेरून दाब आला असता प्रथिन भरपूर वाढते आणि पेशी जवळजवळ तेवढ्याच राहतात. अडथळ्याखाली द्रव साचून राहतो आणि रक्तातून झिरपलेले प्रथिन तिथेच जमत जाते. द्रव पिवळसर होऊन कधी कधी परीक्षानळीतच गोठतो. हे गोठणारे पिवळे रूप फ्रान्सच्याच जॉर्ज फ्रुआँ यांनी १९०३ मध्ये वर्णिले होते. प्रथिन आणि पेशी यांच्या अशा फारकतीला पुढे मोठे महत्त्व आले.

४. सोन्याची कसोटी

१९१२ मध्येच बर्लिनच्या कार्ल लांगे यांनी एक वेगळी कसोटी आणली. सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवले की लालभडक कलिल द्रावण तयार होते. कलिल म्हणजे ज्यात कण विरघळत नाहीत पण तळाशीही बसत नाहीत असे मिश्रण. रिचर्ड झिग्मोंडी यांनी आधीच दाखवले होते की प्रथिने अशा सोन्याला मिठामुळे साकळण्यापासून वाचवतात. लांगे यांनी हे तत्त्व मेरुद्रवाला लावून पाहिले.

दहा नळ्यांत मेरुद्रव प्रत्येक वेळी दुप्पट पातळ करून घ्यायचा आणि प्रत्येकीत सोन्याचे द्रावण मिसळायचे. दुसऱ्या दिवशी रंग पाहायचे. लाल तसाच राहिला तर ०, जांभळट-निळा होत गेला तर १ ते ४, रंग पूर्ण उडाला तर ५. दहा नळ्यांचे दहा अंक लिहिले की आलेख तयार. जनरल पॅरालिसिसच्या रुग्णांत पहिल्याच नळ्यांचा रंग उडे. म्हणून त्या आलेखाला ‘पॅरेटिक वक्र’ असे नाव पडले. मस्तिष्कावरणदाहात बदल शेवटच्या नळ्यांकडे सरके.

ही कसोटी जगभर वापरली गेली, कारण ती उपयोगी होती. पण ती काय मोजते हे वापरणाऱ्यांना माहीत नव्हते. पुढे उलगडले की अल्ब्युमिन सोन्याचे रक्षण करते आणि गॅमा ग्लोब्युलिन त्याला साकळवते. म्हणजे नळ्यांतले रंग या दोन प्रथिनांचे परस्पर प्रमाण सांगत होते. रोगाचे नाव त्यांत लिहिलेले नव्हते.

याचा परिणाम मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांना भोगावा लागण्याची भीती होती. या रोगातही अनेकदा तोच पॅरेटिक वक्र मिळे, उपदंशाचा लवलेश नसताना. एखाद्या तरुण स्त्रीची दृष्टी अंधुक झाली, पाय जड पडले आणि प्रयोगशाळेच्या कागदावर ‘पॅरेटिक’ शब्द आला, तर तिच्यावर कोणता ठपका बसेल याची कल्पना करा. १९०६ मध्ये आलेली वासरमान कसोटी उपदंशासाठी अधिक विशिष्ट होती. तिचा निकाल जोडून वाचला तरच अशी चूक टळत असे. एका कसोटीला एका रोगाचे नाव चिकटवणे किती धोक्याचे असते, याचे हे जुने पण बोलके उदाहरण आहे.

५. दोन सैनिक, १९१६

आता आपण पुन्हा जीबीएसकडे येऊ. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याच्या चेतातज्ज्ञ केंद्रात दोन सैनिक दाखल झाले. त्यांचे हातपाय अशक्त झाले होते आणि गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नव्हता. जॉर्ज गियाँ, जाँ-अलेक्सांद्र बारे आणि आंद्रे स्त्रोल यांनी त्यांना तपासले. मेरुद्रवात प्रथिन बरेच वाढलेले होते, पेशी मात्र वाढलेल्या नव्हत्या. दोघेही सुधारले. त्याच वर्षी तिघांनी हा वृत्तांत पॅरिसच्या वैद्यक सभेपुढे ठेवला.

पायांतून वर चढत जाणाऱ्या पक्षाघाताचे वर्णन झाँ-बातिस्त लाँद्री यांनी १८५९ मध्येच केले होते. मग १९१६ मध्ये नवे काय होते? नवी होती ती मेरुद्रवातील फारकत. लाँद्री यांच्या काळी कटिवेधच नव्हता. एकाएकी पाय लुळे पडलेला रुग्ण समोर आला की पोलिओची शंका येई. पोलिओत मेरुद्रवातील पेशी वाढतात आणि लुळेपण बहुधा कायम राहते. गियाँ यांच्या रुग्णांत पेशी वाढलेल्या नव्हत्या आणि बरे होण्याची आशा होती. दोन आकड्यांच्या जोडीने रुग्णाला पुढचे आयुष्य कसे असेल याचा अंदाज देता येऊ लागला.

येथे दोन सावधगिऱ्या लक्षात ठेवा. पहिली अशी की हीच फारकत सिकार-फ्वा यांनी मेरुरज्जूवरच्या दाबातही पाहिली होती. जीबीएसमध्ये मज्जामुळांना दाह होतो आणि तिथला रक्त व द्रव यांमधला अडसर सैल पडतो. दाबाच्या रोगात द्रव अडतो. कारणे वेगळी, आकडा सारखा. दुसरी अशी की जीबीएसच्या पहिल्या आठवड्यात प्रथिन पुष्कळदा वाढलेले नसते. म्हणून पहिला अहवाल ‘नॉर्मल’ आला एवढ्यावरून रोग नाही असे म्हणता येत नाही. गियाँ हे पुढे बरीच वर्षे हा रोग सौम्यच असतो असा आग्रह धरत राहिले. पण श्वासाचे स्नायू दुबळे होऊन रुग्ण दगावतात हेही नंतर स्पष्ट झाले. रोगाच्या नावातून स्त्रोल हे मात्र गळून गेले.

६. दुसरा प्रश्न : कोणते?

प्रथिन ‘वाढले’ एवढे कळून पुरत नव्हते. स्वीडनमधील उप्साला येथे आर्ने टिसेलियस यांनी १९३७ मध्ये इलेक्ट्रोफोरेसिसचे सुधारित यंत्र मांडले. विद्युत् क्षेत्रात प्रत्येक प्रथिन आपापल्या भारानुसार वेगळ्या वेगाने सरकते. या तत्त्वाने रक्तद्रवातील प्रथिने अल्ब्युमिन, अल्फा, बीटा आणि गॅमा अशा गटांत विभागता आली. अमेरिकेचे तरुण संशोधक एल्विन कॅबट त्यांच्याकडे शिकायला गेले होते. प्रतिपिंडे गॅमा गटात असतात, हे या दोघांनी १९३९ मध्ये दाखवले. म्हणजे आतापर्यंत ‘ग्लोब्युलिन’ म्हणून जो पांढरा ढग दिसत होता त्याचा मोठा भाग शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीचा होता.

न्यूयॉर्कला परतल्यावर कॅबट आणि सहकाऱ्यांनी १९४२ मध्ये मेरुद्रवाचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. मेरुद्रवात प्रथिन इतके थोडे की तो आधी आटवून घ्यावा लागे. मज्जासंस्थेच्या उपदंशात आणि मल्टिपल स्क्लेरोसिसच्या काही रुग्णांत गॅमा ग्लोब्युलिन वाढलेले आढळले. पण खरी गोम पुढे होती. त्याच रुग्णांच्या रक्तात ते तसे वाढलेले नव्हते. मग ते मेरुद्रवात आले कुठून? रक्तातून झिरपले असते तर इतर प्रथिनेही त्या प्रमाणात यायला हवी होती. कॅबट यांचा निष्कर्ष असा की हे प्रतिपिंड मज्जासंस्थेच्या आतच तयार होत आहे. तिसरा प्रश्न येथे स्पष्टपणे उभा राहिला.

७. तिसरा प्रश्न : कुठून?

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी एक साक्षीदार हवा होता, जो फक्त रक्तातूनच येऊ शकतो. अल्ब्युमिन तसा साक्षीदार आहे. ते केवळ यकृतात बनते. मेंदू ते बनवत नाही. मेरुद्रवात अल्ब्युमिन वाढले तर अडसर सैल झाला आहे किंवा द्रव संथ झाला आहे, एवढाच अर्थ निघतो. स्वीडनमधील टिब्लिंग, लिंक आणि ओमान यांनी १९७७ मध्ये या तत्त्वावर ‘आयजीजी निर्देशांक’ मांडला. मेरुद्रव आणि रक्तद्रव यांतील आयजीजीचे गुणोत्तर घ्यायचे आणि त्याला अल्ब्युमिनच्या तशाच गुणोत्तराने भागायचे. उत्तर साधारण ०.७ च्या वर गेले तर आयजीजी आतच बनत असल्याचा संशय धरायचा.

कल्पनेतले दोन रुग्ण घेऊन हे समजून घेऊ. दोघांच्याही रक्तात १०० मिलिलिटरमागे अल्ब्युमिन ४००० आणि आयजीजी १००० मिलिग्रॅम आहे. पहिल्याच्या मेरुद्रवात अल्ब्युमिन २० आणि आयजीजी ६ मिलिग्रॅम आहे. गुणोत्तरे अनुक्रमे ०.००५ आणि ०.००६ येतात आणि निर्देशांक १.२ येतो. दुसऱ्याच्या मेरुद्रवात अल्ब्युमिन ८० आणि आयजीजी १० मिलिग्रॅम आहे. गुणोत्तरे ०.०२ आणि ०.०१ येतात आणि निर्देशांक ०.५ येतो. नुसता आयजीजीचा आकडा पाहिला तर दुसरा रुग्ण अधिक ‘वाढलेला’ वाटतो. प्रत्यक्षात त्याचा सगळा आयजीजी रक्तातून झिरपलेला आहे. मज्जासंस्थेच्या आत प्रतिपिंड बनते आहे ते पहिल्या रुग्णात.

म्हणून आज मेरुद्रवाच्या नमुन्याबरोबर त्याच वेळी रक्ताचा नमुनाही घेतात. एकट्या मेरुद्रवाला ‘कुठून’ हा प्रश्न विचारता येत नाही.

८. पट्टे आणि त्यांचे गूढ

दरम्यान बेल्जियममध्ये दुसरा मार्ग सापडला. अँटवर्पच्या लोवेंथाल, कार्खर आणि व्हान सांदे यांनी १९५९-६० मध्ये अगार या शेवाळजन्य जेलवर मेरुद्रवाचे इलेक्ट्रोफोरेसिस केले. कागदावर धूसर एकजीव दिसणारा गॅमा विभाग येथे बारीक पट्ट्यांत फुटलेला दिसला. एका पेशीच्या वंशातून एकाच साच्याचे प्रतिपिंड निघते. ते एका जागी जमते आणि पट्टा दिसतो. असे मोजकेच वंश जोरात काम करत असले की मोजके पट्टे दिसतात. म्हणून त्यांना ‘ऑलिगोक्लोनल’ म्हणजे मोजक्या वंशांचे पट्टे हे नाव मिळाले. पुढे आयसोइलेक्ट्रिक फोकसिंग या अधिक सूक्ष्म पद्धतीने उत्तर युरोपातील मल्टिपल स्क्लेरोसिसच्या बहुसंख्य रुग्णांत ते दिसले. काही इतर समूहांत, उदाहरणार्थ जपानमध्ये, हे प्रमाण कमी भरते. पट्टे मेरुद्रवात आहेत पण रक्तात नाहीत, ही त्यातली निर्णायक खूण.

हे पट्टे कशाविरुद्ध आहेत? भारतातल्या विद्यार्थ्यांना जवळचे असे एक उदाहरण येथे उपयोगी पडते. गोवर येऊन गेल्यावर काही वर्षांनी एखाद्या मुलाचे शाळेतले लक्ष उडते, अंगाला झटके येऊ लागतात आणि बुद्धी ढासळत जाते. हा एसएसपीई नावाचा रोग गोवराच्या विषाणूमुळे होतो. जिथे लसीकरण अपुरे राहिले तिथे तो आजही दिसतो आणि आपल्या देशातील चेतातज्ज्ञांना तो अपरिचित नाही. १९७३ मध्ये नॉर्वेचे वांडविक आणि स्वीडनचे नॉर्बी यांनी अशा रुग्णांच्या मेरुद्रवातील आयजीजी गोवराच्या घटकांशी जुळवून पाहिला. पट्ट्यांतला आयजीजी गोवराच्याच घटकांना बांधला जात होता. शत्रू कोण हे पट्टे सांगत होते.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये तसे झाले नाही. एका रुग्णाचे पट्टे वर्षानुवर्षे जवळजवळ तसेच राहतात आणि रुग्णागणिक ते वेगळे असतात. सहा दशके शोध घेऊनही त्या सर्वांचे एक समान लक्ष्य सापडलेले नाही. तरी निदानात त्यांचे काम चालू आहे. एमआरआय आल्यावर मेरुद्रवाचे महत्त्व घटत गेले. या रोगासाठीच्या मॅकडोनाल्ड निकषांच्या २०१० च्या आवृत्तीत झटक्याझटक्याने येणाऱ्या प्रकाराच्या निदानात त्याला जवळजवळ जागा उरली नाही. २०१७ च्या आवृत्तीत पट्टे परत आले. पहिला झटका येऊन गेलेल्या योग्य रुग्णात दुसऱ्या झटक्याची वाट न पाहता निदान करण्यास ते आधार देतात. त्यामुळे उपचार लवकर सुरू होतात.

पट्टे नसणेही बोलते. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा रोग दृष्टी आणि मेरुरज्जू यांवरच घाला घालतो आणि वरवर मल्टिपल स्क्लेरोसिससारखा दिसतो. त्यात हे पट्टे बहुधा नसतात. एका रोगासाठीची काही औषधे दुसऱ्यात अपाय करतात, म्हणून हा फरक रुग्णासाठी जिव्हाळ्याचा आहे.

९. मेंदूची स्वतःची प्रथिने

आतापर्यंत आपण रक्तातून आलेली किंवा प्रतिकारपेशींनी बनवलेली प्रथिने पाहिली. गेल्या चाळीस वर्षांत लक्ष मेंदूच्या स्वतःच्या प्रथिनांकडे वळले. १९९६ मध्ये क्रॉइट्झफेल्ट-याकोब या झपाट्याने बुद्धी नष्ट करणाऱ्या रोगात मेरुद्रवात १४-३-३ हे प्रथिन आढळल्याचे प्रसिद्ध झाले. चेतापेशी मोठ्या प्रमाणावर मरू लागल्या की त्यांच्या आतले हे प्रथिन बाहेर सांडते. पण चेतापेशी इतर कारणांनीही मरतात. सोन्याच्या कसोटीचीच अडचण येथे नव्या रूपात आली. नंतर आलेली आरटी-क्विक ही कसोटी प्रथिनाचे प्रमाण सोडून त्याची चुकीची घडी शोधते. ती घडी रोगाच्या मुळाशी असल्यामुळे तिचा निकाल अधिक विशिष्ट ठरतो.

अल्झायमर रोगात आणखी एक उलटी गोष्ट दिसते. १९९० च्या दशकात लक्षात आले की या रुग्णांच्या मेरुद्रवात टाऊ प्रथिन वाढते, पण अमायलॉइड बीटा ४२ कमी होते. ज्या प्रथिनाची पुटे मेंदूत साचतात ते द्रवात कमी का? कारण ते पुटांतच अडकून बसते. वाढ म्हणजे रोग आणि घट म्हणजे आरोग्य, हा सोपा हिशेब येथे पूर्णपणे मोडतो.

१०. आपल्याकडील संदर्भ

आपल्या देशात मेरुद्रव काढण्याचे एक नेहमीचे कारण क्षयजन्य मस्तिष्कावरणदाह हे आहे. त्यात प्रथिन वाढते, साखर घटते आणि लसिकापेशी वाढतात. नळी काही तास स्थिर ठेवली तर कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक साय धरते. अडसरातून निसटलेल्या फायब्रिनोजेन या प्रथिनाचे ते जाळे असते. मणक्याच्या क्षयाने मेरुरज्जू दाबला गेला तर सिकार-फ्वा आणि फ्रुआँ यांनी वर्णिलेला पिवळा, गोठणारा द्रवही दिसू शकतो. शंभर वर्षांपूर्वीच्या पॅरिसमधली ही निरीक्षणे एखाद्या जिल्हा रुग्णालयात आजही कामी येतात.

सारांश

मेरुद्रवातील प्रथिन हा आकडा एकटा बोलत नाही. पेशींशी जोडला तेव्हा त्याने जीबीएस आणि पोलिओ वेगळे केले. रक्ताशी जोडला तेव्हा मल्टिपल स्क्लेरोसिसचा माग लागला. रुग्णाच्या तपासणीपासून तोडला तेव्हा त्याने दिशाभूल केली. कसोट्या बदलल्या, यंत्रे बदलली, पण प्रत्येक पिढीला तीच गोष्ट पुन्हा शिकावी लागली: चिन्ह उपयोगी पडू लागले म्हणजे त्याचा अर्थ कळला असे होत नाही. सुईची भीती बाळगणाऱ्या नातेवाइकांना जे काढले जाते ते थोडेसेच असते आणि सुई मेरुरज्जूच्या खाली घातली जाते, हे समजावून सांगणे हाही या ज्ञानाचाच उपयोग आहे.

स्वाध्याय

१. कोटुन्यो यांच्या आधी मेरुद्रव शवविच्छेदनात का दिसत नव्हता?
२. सोन्याच्या कसोटीतील ‘पॅरेटिक वक्र’ या नावामुळे कोणती चूक होऊ शकत होती? कारण सांगा.
३. प्रथिन वाढलेले पण पेशी न वाढलेल्या, अशी स्थिती जीबीएस आणि मेरुरज्जूवरचा दाब या दोन्हींत का दिसते?
४. एका रुग्णाच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे अल्ब्युमिन ४००० आणि आयजीजी १२०० मिलिग्रॅम, मेरुद्रवात अल्ब्युमिन ४० आणि आयजीजी ६ मिलिग्रॅम आहे. आयजीजी निर्देशांक काढा आणि त्याचा अर्थ लिहा.
५. एसएसपीई आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांतील ऑलिगोक्लोनल पट्ट्यांची तुलना करा.